अपटेक घटला म्हणजे नेमकं काय घटलं? कायनेज आणि ट्रान्सपोर्टरचा प्रयोग बेतताना

"मॅडम, पीएमए टाकलं की अपटेक कमी व्हायलाय. म्हणजे पीकेसीनं सर्टला फॉस्फेट लावलं. लिहून टाकू का?"

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षातलं कुणी ना कुणी लेकरू हिवाळा लागला की हे विचारतंच. (अपटेक म्हणजे पेशीनं पदार्थ आत उचलणं, सर्ट म्हणजे सेरोटोनिन उचलणारं प्रथिन, पीकेसी हा फॉस्फेट लावणारा एन्झाइम, म्हणजे कायनेज, आणि पीएमए त्याला जागा करणारा पदार्थ.) माझं उत्तर ठरलेलं असतं: पहिलं वाक्य लिही, दुसरं ठेव. पहिलं तू पाहिलंस, दुसरं तुझी समजूत आहे. या दोन वाक्यांच्या मधे निदान चार प्रयोग बसतात. ते कोणते, कुठल्या क्रमानं करायचे आणि नांदेड, परभणी, लातूरकडच्या साध्या प्रयोगशाळेत त्यातलं काय जमतं, ते इथं लिहून ठेवते. मी नांदेडला फार्माकॉलॉजी शिकवते. उन्हाळा, लाइट आणि बर्फ यांचा हिशोब धरूनच प्रयोग बेतायची सवय आहे, त्यामुळे तोही मधेमधे येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांनी हा भाग परीक्षेपुरता वाचून सोडून दिला त्यांच्यासाठी. चेतापेशीनं सोडलेलं सेरोटोनिन, डोपामिन किंवा नॉरएड्रेनलिन सायनॅप्समधून, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या फटीतून, परत उचलून आत नेण्याचं काम ट्रान्सपोर्टर करतात. ट्रिशियम लावलेलं नॉरएड्रेनलिन ऊतींमध्ये परत ओढलं जातं हे ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं आणि १९७० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. खुद्द प्रथिनांची जनुकं हाती आली ती १९९० आणि १९९१ मध्ये: आधी गाबाचा ट्रान्सपोर्टर, मग नॉरएड्रेनलिन, सेरोटोनिन आणि डोपामिन यांचे. माणसाचा सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, म्हणजे सर्ट, हा ६३० अमिनो आम्लांचा. पेशीपटलातून तो १२ वेळा आरपार जातो आणि त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आत लोंबतात. ही टोकं आणि आतल्या बाजूचे वळसे लक्षात ठेवा, कारण तिथंच सेरिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्लं आहेत आणि कायनेज फॉस्फेट लावतात ते त्यांनाच. लावलेलं फॉस्फेट फॉस्फेटेज काढतात. ही लावण्या-काढण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ साली नोबेल मिळालं. चेतापेशींमध्ये ती कशी चालते हे दाखवणाऱ्या पॉल ग्रीनगार्ड यांना २००० साली.

फ्लुऑक्सेटिनसारखं औषध सर्टला अडवतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण औषध नसतानाही पेशी स्वतःच आपला सर्ट मिनिटामिनिटाला कमीजास्त करत असते, हे पाठ नसतं. आपला विषय तो आहे.

कायनेजची यादी पाठ करू नका

मुलं एक तक्ता करतात: पीकेसी म्हणजे अपटेक कमी, पीकेजी हा दुसरा कायनेज म्हणजे जास्त. सर्टपुरतं ते ढोबळमानानं बरोबर आहे. पीकेसी जागा केला की सर्ट, डोपामिनचा डॅट आणि नॉरएड्रेनलिनचा ट्रान्सपोर्टर, तिन्ही पृष्ठभागावरून आत ओढले जातात. ग्लुटामेट उचलणाऱ्या जीएलटी-१चंही तेच होतं. पण ग्लुटामेटचाच दुसरा ट्रान्सपोर्टर, ईएएसी-१, सी-६ ग्लायोमा पेशींत पीकेसीमुळे उलट पृष्ठभागावर वाढतो. कायनेज तोच, उचलायचा पदार्थ तोच, परिणाम मात्र उलटा. म्हणून तक्ता करायचाच तर त्यात पेशी कोणती आणि ट्रान्सपोर्टर कोणता हे दोन रकाने आधी आखा.

पीकेजीची गोष्ट मला जास्त आवडते. अ‍ॅडेनोसिनचा ए-३ रिसेप्टर जागा झाला की सायक्लिक जीएमपी वाढतं आणि पीकेजी कामाला लागतो. त्यातून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं सर्ट जास्त संख्येनं पृष्ठभागावर येतो. दुसरी वाट पी-३८ मॅप कायनेजमधून जाते. तिथं संख्या तीच राहते, पण असलेला सर्ट जास्त चपळ होतो. नुसता अपटेक मोजणाऱ्याला या दोन्ही वाटा एकच दिसतात. पीकेजीच्या फॉस्फेटसाठी सर्टवरची २७६ क्रमांकाची थ्रिओनिन महत्त्वाची, हे २००७ साली दाखवलं गेलं. पी-३८च्या वाटेवर तर इंटरल्युकिन-१ बीटासारखा दाहाचा संदेशही येऊन मिळतो. ताप-सूज आणि मनःस्थिती यांचा धागा शोधणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

कॅमकायनेज-२ हा डॅटच्या शेपटाला चिकटतो आणि त्याच्या पुढच्या टोकाच्या सेरिनना फॉस्फेट लावतो. त्याचा संबंध डोपामिन आत नेण्याशी कमी आणि अ‍ॅम्फेटामिन दिल्यावर ते उलटं बाहेर ओतण्याशी जास्त आहे. पुढच्या टोकाच्या त्या पाच सेरिन बदलून अ‍ॅलनिन केल्या तर उलटी गळती घटते, पण नेहमीचा अपटेक बिघडत नाही. आणि पीपी-२ए हा फॉस्फेटेज सर्टच्या अगदी अंगालाच चिकटून सापडतो. ओकाडाइक आम्लानं त्याला थोपवलं की सर्टवरचं फॉस्फेट वाढतं. कायनेजचा प्रयोग करताना फॉस्फेटेजला विसरणारे प्रबंध मी खूप वाचलेत.

हमाल किती आणि चाल किती

आता मुख्य मुद्दा. आमच्या नव्या मोंढ्यात ट्रकमधून पोती उतरतायत असं समजा. तासाला उतरणारी पोती कमी झाली, तर फळीवर हमाल कमी आले असतील किंवा हमाल तेवढेच असून चाल मंदावली असेल. रस्त्यावर उभं राहून नुसती पोती मोजणाऱ्याला यातलं काय झालं हे कळणार नाही. फळीपाशी जाऊन माणसंच मोजावी लागतात.

व्हीमॅक्स, म्हणजे वाहतुकीचा कमाल वेग, हा संख्या गुणिले चाल. तो घटला तर पृष्ठभागावरची संख्या घटली असेल, प्रत्येकाची चाल घटली असेल किंवा दोन्ही. केएम वेगळाच: ट्रान्सपोर्टरला पदार्थ अर्ध्या वेगानं उचलायला किती तीव्रता लागते, ते तो सांगतो.

एकाच तीव्रतेला मोजून थांबणाऱ्यांसाठी ही आकडेमोड फळ्यावर करते. आकडे समजण्यापुरते घेतलेत. साध्या पेशीत व्हीमॅक्स १००, केएम ०.४ मायक्रोमोलर. सेरोटोनिन ०.४ मायक्रोमोलर दिलं तर वेग ५०. आता कायनेजनं केएम दुप्पट, म्हणजे ०.८ केला आणि व्हीमॅक्स तसाच ठेवला, तर वेग ३३. दुसऱ्या पेशीत केएम तसाच, पण व्हीमॅक्स ६७ वर आला. तिथंही वेग ३३! दोन पूर्ण वेगळ्या घटना आणि आकडा एकच. आता दोन्हीकडे ४ मायक्रोमोलर द्या. साध्या पेशीत वेग ९१, केएम बदललेल्या पेशीत ८३, व्हीमॅक्स घटलेल्या पेशीत ६१. इथं फरक उघडा पडला. म्हणून निदान सहा-सात तीव्रता घ्या, त्यातल्या काही केएमच्या बऱ्याच खाली आणि काही बऱ्याच वर. आणि आलेख काढताना व्यस्तांक घेऊन सरळ रेष ओढायचा जुना रिवाज सोडा. त्यात सगळ्यात कमी तीव्रतेचा, म्हणजे सगळ्यात डळमळीत बिंदूच रेषेला ओढून नेतो. संगणकावर वक्र थेट बसवा.

पेशी, लेबल आणि बर्फ

पेशी कुठल्या घ्यायच्या? बाहेरून सर्ट घातलेल्या एचईके-२९३ सोयीच्या, पण त्यांत चेतापेशीचं बाकी सामान नसतं. आरबीएल-२एच३ आणि जार या पेशींत सर्ट मुळातच असतो. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवता येतात. मागवण्याआधी तुमच्याकडचा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर खरोखर चालू आहे का ते पाहा, नुसता जागेवर आहे का ते नाही. उंदराच्या मेंदूतून सायनॅप्टोसोम (चेतापेशींची तुटून वेगळी झालेली टोकं) करायचे असतील तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, साखरेचं द्रावण नंतर बनवा. पद्धत जुनीच आहे: थंड ०.३२ मोलर सुक्रोजमध्ये ऊती घुसळायची, १००० जीला १० मिनिटं फिरवून केंद्रकं खाली बसवायची आणि वरचं द्रावण जास्त वेगानं फिरवून जे बसेल ते घ्यायचं. आणि रक्तातल्या प्लेटलेट विसरू नका. त्यांच्यातला सर्ट मेंदूतल्या सर्टच्याच जनुकातून येतो. माणसाचं रक्त घ्यायचं तर मानवी नैतिकता समितीची मंजुरी लागते, पण ज्या कॉलेजाशेजारी रुग्णालय आहे त्यांना ही वाट सगळ्यात सरळ.

लेबल, म्हणजे आत किती गेलं ते मोजायची खूण, म्हणून ट्रिशियम सर्वोत्तम, पण त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वेगळी खोली, मोजणीचं यंत्र हे सगळं लागतं. आपल्या भागातल्या बहुतेक कॉलेजांत ते नाही. मग एएसपी-प्लस नावाचा चमकणारा पदार्थ वापरा. सर्ट, डॅट आणि नॉरएड्रेनलिन ट्रान्सपोर्टर तिन्ही त्याला उचलतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑर्गॅनिक कॅटायन ट्रान्सपोर्टरही त्याला उचलतात, त्यामुळे कोरा नमुना (तो कसा, ते पुढे येईल) काटेकोर हवा. आणि सेरोटोनिनचा केएम याच्यावरून काढता येत नाही. निघेल तो एएसपी-प्लसचा केएम. माझं मत विचाराल तर चाळणी म्हणून तो ठीक आहे, पण प्रबंधाचा कणा म्हणून नाही. मुख्य आलेखासाठी हैदराबाद किंवा पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेशी आधीच बोलून ठेवा. नांदेडहून हैदराबाद रात्रीच्या गाडीनं जवळ आहे. तिथं जाताना पेशी नेऊ नका, बेत आणि सोडवलेली आकडेमोड न्या.

बफर साधंच: क्रेब्स-रिंगर-हेपीस, सोडियम क्लोराइड सुमारे १२० मिलिमोलर, पीएच ७.४, शिवाय पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ग्लुकोज. ग्लुकोज हमखास राहून जातं. ते नसलं तर एटीपी घटतं, सोडियमचा उतार ढासळतो आणि अपटेक पडतो. सर्टची सगळी ओढ त्या सोडियमच्या उतारावर आहे. त्यात साधारण १०० मायक्रोमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घाला, नाहीतर सेरोटोनिन हवेनं खराब होतं. तेवढंच पार्जिलिन घाला, नाहीतर आत गेलेलं सेरोटोनिन मोनोअमीन ऑक्सिडेज तोडून टाकतं.

आता बर्फ. अपटेक ३७ अंशांना चालतो आणि थांबवायचा तो बर्फगार बफरनं, एका झटक्यात. एप्रिलमध्ये नांदेडात बाहेर ४० अंशांच्या वर असतं आणि थंड केलेलं बफर प्लेटपर्यंत नेईस्तोवर कोमट होतं. कॉलेजच्या बर्फयंत्रावर विसंबू नका. रसवंतीवाल्यांना जिथून लादी येते तिथूनच आमचे प्रयोगशाळेतले मामा सकाळी लादी आणून फोडतात. त्या चुऱ्यात पाणी घाला, म्हणजे प्लेटच्या बुडाला सगळीकडून थंडावा लागतो. मीठ घालू नका. तापमान शून्याखाली गेलं की पेशी फुटतात. ३७ अंशांचं बफर थर्मासमध्ये ठेवा, कारण वॉटर बाथ मधेच बंद पडू शकतो. आणि प्रयोग सकाळी लवकर सुरू करा. दुपारी लाइट गेली तर गेली, तोवर तुमची प्लेट धुवून झालेली असेल.

कोरा नमुना म्हणजे काय, यावर मी मुलांना सगळ्यात जास्त छळते. नुसत्या पेशी नसलेल्या वेलला, म्हणजे प्लेटमधल्या खळग्याला, कोरा म्हणू नका. पेशी, लेबल, सगळं तेच आणि सोबत पॅरॉक्सेटिन किंवा सिटालोप्रॅम: जे उरतं ते सर्टचं नाही. डॅटसाठी जीबीआर-१२९०९, नॉरएड्रेनलिनसाठी निसॉक्सेटिन किंवा डेसिप्रामिन. शिवाय एका ओळीत सोडियम क्लोराइडच्या जागी कोलीन क्लोराइड ठेवा. पुन्हा उदाहरणापुरते आकडे: साध्या वेलमध्ये १२,०००, पीएमएच्या वेलमध्ये ८,००० आणि दोन्हीकडे कोरा २,०००. कोरा वजा न करता घट ३३ टक्के, वजा करून ४०. प्रत्येक उपचाराचा कोरा वेगळा ठेवा, कारण उपचारानं कोराही बदलू शकतो.

आणखी एक पायरी, कंटाळवाणी पण टाळता न येणारी: एक, दोन, पाच, दहा मिनिटं असे बिंदू घेऊन अपटेक किती वेळ सरळ रेषेत वाढतो ते आधी पाहा. रेष वाकायला लागल्यावर जे मोजाल तो सुरुवातीचा वेग नसतो. त्यात आत गेलेल्याची गळतीही मिसळलेली असते.

कायनेज जागा करताना

पीएमए हा फॉरबॉल एस्टर मूळचा जमालगोट्याच्या तेलातला. वर्गात हे सांगितलं की हशा होतो. आजोबांच्या पोटासाठी वापरलेलं बी सगळ्यांना आठवतं. हसू ओसरल्यावर हेही सांगते की हा पदार्थ कर्करोगाला खतपाणी घालणारा म्हणून प्रयोगशाळांत वापरला गेलाय. हातमोजे घाला आणि भांडी वेगळी ठेवा. पेशीतल्या डायअसिलग्लिसरॉलची नक्कल करून तो पीकेसीला जागा करतो. १०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर, ३० मिनिटं, ही नेहमीची सुरुवात. पण ३० मिनिटांवरच थांबू नका, ५ मिनिटांचाही बिंदू घ्या. उंदराच्या प्लेटलेटमध्ये २००५ साली नेमकं हेच दिसलं: आधीच्या काही मिनिटांत पृष्ठभागावरची संख्या तीच राहून वाहतूक मंदावते आणि नंतर सर्ट आत ओढला जातो. एकच वेळ मोजणाऱ्याच्या हाताला यातला अर्धाच भाग लागतो. आणि पीएमए रात्रभर ठेवून सकाळी मोजायचं नाही. तोवर बरेचसे पीकेसी पेशीनं मोडीत काढलेले असतात. मग तुम्ही मोजता ती पीकेसी जागा असल्याची नाही, नसल्याची अवस्था.

सोबत कोणते नमुने हवेत? एक, पीएमए ज्यात विरघळवलं त्या डीएमएसओचा, तेवढ्याच प्रमाणात, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत. दोन, पीएमएचा निष्क्रिय भाऊ, चार-अल्फा फॉरबॉल एस्टर, जो पीकेसीला हात लावत नाही. तीन, आधी बिसइंडोलिलमॅलिमाइड हा पीकेसीचा इनहिबिटर (त्याला थोपवणारा पदार्थ) देऊन मग पीएमए: परिणाम पुसला गेला पाहिजे. हा तिसरा नमुना का? कारण फॉरबॉल एस्टर मंक-१३ आणि कायमेरिनसारख्या पीकेसी नसलेल्या प्रथिनांनाही धरतो. चार, नुसता इनहिबिटर. हा चौथा सगळे विसरतात. कायनेजचा इनहिबिटर ट्रान्सपोर्टरवरच जाऊन बसला तर तुमचा सगळा तर्क उलटा होतो. स्टॉरोस्पोरिन तर वापरूच नका; तो भेटेल त्या कायनेजला थोपवतो. कॅमकायनेजसाठी केएन-९३ हा इनहिबिटर वापरला तर त्याचा निष्क्रिय भाऊ केएन-९२ सोबत हवाच, कारण केएन-९३ काही आयन चॅनलही अडवतं.

एक बारीक खाच इथं आहे. सर्टला सेरोटोनिन मिळत असेल तर पीकेसीमुळे होणारं फॉस्फोरिलेशन आणि आत ओढलं जाणं, दोन्ही कमी होतं. राममूर्ती आणि ब्लेकली यांनी हे १९९९ साली दाखवलं. उलट सर्टचा अवरोधक किंवा कोकेन घातलं की सेरोटोनिनचं हे संरक्षण नाहीसं होतं. म्हणजे कामावर असलेला ट्रान्सपोर्टर पृष्ठभागावर टिकतो. आता विचार करा, पेशी ज्या सीरमवर वाढतात त्यात प्लेटलेटमधून आलेलं सेरोटोनिन असतंच. ते धुऊन न काढता पीएमए दिलं तर एका दिवशी परिणाम दिसेल, दुसऱ्या दिवशी नाही, आणि तुम्ही पीएमएच्या बाटलीला दोष द्याल. डायलिसिस केलेलं सीरम वापरा किंवा उपचाराआधी काही तास सीरमशिवाय ठेवा.

पृष्ठभाग मोजणं

मोंढ्यातली फळीवरची मोजणी ती हीच. सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन पेशीपटलातून आत जात नाही, त्यामुळे बाहेर दिसणाऱ्या प्रथिनांनाच चिकटतं. सगळं ४ अंशांना, म्हणजे मघाच्या लादीवरच, कारण थंडीत पेशीची आतबाहेरची ये-जा थांबते. बायोटिन पाण्यात झपाट्यानं निकामी होतं. वजन करून ठेवा, पण विरघळवा ऐनवेळी. ट्रिस बफर चुकूनही नको, त्यातलं अमीनच बायोटिन खाऊन टाकतं. उरलेलं बायोटिन १०० मिलिमोलर ग्लायसिननं संपवा, पेशी फोडा, स्ट्रेप्टाविडिनच्या मण्यांवर बायोटिन लागलेलं धरा आणि वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं प्रतिपिंडानं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा.

ब्लॉटसाठी नमुना उकळू नका. बारा वेळा पटलातून गेलेलं प्रथिन उकळलं की गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतं. कोमट ठेवून डीटीटीनं सोडवलं तरी चालतं. पट्टे दोन दिसतील: साखरेच्या साखळ्या पूर्ण लागलेला पक्का वर, कच्चा खाली. पृष्ठभागाच्या नमुन्यात खालचा पट्टा ठळक आला तर पेशी फुटल्या होत्या असं समजा. तेच तपासायला कॅलनेक्सिनसारखं आतल्या जाळीतलं प्रथिनही त्याच ब्लॉटवर पाहा. ते पृष्ठभागाच्या ओळीत दिसता कामा नये.

आता चार शक्यता. अपटेक घटला आणि पृष्ठभागही तेवढ्याच प्रमाणात घटला: सर्ट आत गेला. अपटेक घटला, पृष्ठभाग तोच: चाल किंवा केएम बदलला. पृष्ठभाग घटला, पण अपटेक कमी घटला: उरलेल्यांची चाल वाढली असेल, पुन्हा मोजा. एकूण सर्टच घटला: मग हा मिनिटांतला परिणाम नाही, तोडणं किंवा कमी बनणं बघा.

मग फॉस्फेट

इतकं झाल्यावर, आणि इतकं झाल्यावरच, फॉस्फेटकडे या. जुना मार्ग किरणोत्सारी फॉस्फेट देऊन सर्ट प्रतिपिंडानं ओढून काढायचा. डॅटच्या ५३ क्रमांकाच्या थ्रिओनिनसारख्या काही जागांसाठी खास प्रतिपिंडं मिळतात. फॉस-टॅग जेल साध्या प्रयोगशाळेतही चालतं. त्यात फॉस्फेट लागलेलं प्रथिन मागे रेंगाळतं. दरवेळी फॉस्फेटचा आकडा एकूण ट्रान्सपोर्टरनं भागा.

पण फॉस्फेट वाढलं आणि सर्ट आत गेला, या दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही. यासाठी डॅटचं उदाहरण मी दरवर्षी देते. डॅटच्या पुढच्या टोकाची अमिनो आम्लं कापून टाकली तर फॉरबॉल एस्टरनं होणारं फॉस्फोरिलेशन जवळजवळ नाहीसं होतं, पण डॅट तरीही आत ओढला जातोच. २००३ सालचा हा निष्कर्ष. मग आत ओढतं कोण? पीकेसीच्या पुढं नेड-४-२ हा युबिक्विटिन चिकटवणारा एन्झाइम आहे. डॅटच्या पुढच्या टोकाच्या लायसिनना युबिक्विटिन लागलं की तो आत जातो. पीकेसी इथं आहे, फॉस्फोरिलेशनही आहे, पण ते फॉस्फेट डॅटच्या त्या सेरिनवरचं असायलाच हवं असं नाही. उलट नॉरएड्रेनलिन ट्रान्सपोर्टरमध्ये २५८ आणि २५९ क्रमांकाच्या थ्रिओनिन-सेरिन बदलल्या की पीकेसीमुळे होणारं आत ओढणं थांबतं. भावंडं असून दोघांची रीत वेगळी.

म्हणून शेवटची पायरी उत्परिवर्तन. संशयित सेरिन किंवा थ्रिओनिन बदलून अ‍ॅलनिन करा. परिणाम गेला, आणि उपचार नसताना तो ट्रान्सपोर्टर पृष्ठभागावर नेहमीएवढा येतो, नेहमीसारखा उचलतो हेही दाखवलंत, तर तुमचं म्हणणं उभं राहतं. हे दुसरं दाखवलं नाही तर परीक्षक एवढंच म्हणतील की तुम्ही ट्रान्सपोर्टरच मोडला.

प्रबंधात कसं लिहायचं

एन, म्हणजे प्रयोगांची संख्या, म्हणजे वेल नव्हे. एकाच दिवशीच्या एकाच प्लेटमधली सहा वेल ही एका प्रयोगाची सहा मोजणी. एन म्हणजे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पेशींवर केलेले प्रयोग. दिवसागणिक एकूण अपटेक हलतो, म्हणून त्या दिवशीचा उपचार त्या दिवशीच्याच साध्या नमुन्याशी जोडून तपासा.

आणि वाक्यं पुराव्याच्या मापाची ठेवा. नुसता एका तीव्रतेचा अपटेक असेल तर: "पीएमएमुळे सर्टमार्फत होणारी वाहतूक घटली." इनहिबिटर आणि निष्क्रिय भाऊ दोन्ही असतील तर: "ही घट पीकेसीवर अवलंबून आहे." वक्र आणि बायोटिन असेल तर: "पृष्ठभागावरची संख्या घटल्यामुळे व्हीमॅक्स घटला." फॉस्फेट दिसलं तर: "याच सुमारास सर्टवरचं फॉस्फेट वाढलं." हे "याच सुमारास" खोडून "त्यामुळे" लिहायचं ते उत्परिवर्तन हातात आल्यावर. दोन वर्षांच्या एम.फार्म.मध्ये आपल्याकडची बहुतेक मुलं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचतात आणि प्रबंधाला तेवढं पुरतं. चौथ्यासाठी प्रतिपिंड मागवायचं असेल तर ऑर्डर दिवाळीआधी द्या; थंड साखळीतला डबा मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या गेटवर येऊन पडला, तर सोमवारपर्यंत त्यात जे उरतं त्यानं कुठलाच पट्टा दिसत नाही.